तीळ आणि तळवा

मनुष्याची दृष्टी स्वभावतःच मुखाकडे जाते. आरशासमोर आपण उभे राहतो ते चेहरा पाहण्याकरिता. पायांचे तळवे पाहण्याकरिता कोणी आरसा हाती घेत नाही. गालावरील तिळाचे कौतुक कवींनी केले, सामुद्रिक सांगणाऱ्यांनी तिळाच्या जागेवरून भाग्याचे आडाखे बांधले, आणि ज्याच्या तळपायावर तीळ असेल त्याच्या पायाला भिंगरी, असे आजही घरोघरी हसत हसत बोलले जाते. तिळाकडे भाग्याची खूण म्हणून पाहण्याची सवय आपणांस फार जुनी आहे. प्रकृतीची खूण म्हणून पाहण्याची सवय मात्र अद्याप लागावयाची आहे. ती लागावी, आणि ती लावण्याचे काम शाळेने अंगावर घ्यावे, असे आमचे मत आहे. ते का, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

त्वचेचा जो एक अत्यंत घातक कर्करोग आहे, त्यास वैद्यकशास्त्रात मेलॅनोमा म्हणतात. 'काळा' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले आहे. त्वचेच्या इतर कर्करोगांच्या मानाने तो थोड्यांस होतो. परंतु ज्यांस होतो त्यांच्या बाबतीत वेळेचा हिशेब फार कठोर असतो. या रोगाची गती समजल्यावाचून आमच्या म्हणण्याचे मर्म ध्यानात यावयाचे नाही, म्हणून प्रथम त्याचीच हकीकत थोडक्यात सांगतो.

आपल्या त्वचेचे दोन मुख्य थर आहेत. वरची ती बाह्यत्वचा आणि तिच्या खालची ती अंतस्त्वचा. बाह्यत्वचेत रक्तवाहिन्या नाहीत. त्या सर्व अंतस्त्वचेत आहेत. ही साधी गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढील सारी कथा तिच्यावरच उभी आहे. बाह्यत्वचेच्या अगदी तळच्या ओळीत रंगपेशी वसलेल्या असतात. त्यांचा जन्म तेथला नव्हे. गर्भामध्ये जेथे मज्जासंस्था घडू लागते, तेथे त्यांच्या पूर्वज पेशी निर्माण होतात आणि दूरचा प्रवास करीत करीत त्वचेत येऊन स्थिरावतात. एकेक रंगपेशी आपल्या शाखांच्या द्वारे शेजारच्या सुमारे ३६ पेशींस रंगाचे कण पुरविते, आणि त्या पेशी ते कण आपल्या केंद्रावर छत्रीसारखे धरून उन्हातील अतिनील किरणांपासून आपला बचाव करतात. गोऱ्या व काळ्या माणसांच्या त्वचेत रंगपेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. भेद असतो तो त्या किती रंग व कोणत्या जातीचा रंग तयार करतात एवढाच. ज्या वर्णभेदापायी जगात एवढा अभिमान आणि एवढा तिरस्कार माजला, त्याचे शारीरिक मूळ हे असे क्षुल्लक आहे!

प्रत्येक पेशीस केव्हा वाढावे व केव्हा थांबावे याच्या आज्ञा तिच्या जनुकांतून मिळत असतात. अतिनील किरणांमुळे, अथवा पेशींच्या विभाजनात घडणाऱ्या चुकांमुळे, ही जनुके बिघडतात. मेलॅनोमाच्या सुमारे निम्म्या रुग्णांत बीआरएएफ नावाचे एक जनुक बिघडलेले असते, असे २००२ साली उघडकीस आले. आश्चर्याची गोष्ट अशी की हाच बिघाड साध्या, निरुपद्रवी तिळांतही वारंवार आढळतो. तीळ म्हणजे वाढू लागून पुन्हा थांबलेल्या रंगपेशींचा पुंजकाच होय. तेथे थांबण्याची आज्ञा पाळली गेलेली असते. मेलॅनोमात, आणखी बिघाड साचल्यामुळे, ती पाळली जात नाही. असे असले तरी जुन्या तिळाचाच मेलॅनोमा होतो हा समज बरोबर नव्हे. दहांपैकी सुमारे सात वेळा तो पूर्वी काहीही नसलेल्या स्वच्छ त्वचेवर नव्याने उगवतो.

उगवल्यानंतर तो प्रथम आडवा पसरतो. कागदावर तेलाचा थेंब पसरावा तसा तो बाह्यत्वचेतल्या बाह्यत्वचेत रुंद होत जातो. या अवस्थेत काही महिने, कित्येकदा काही वर्षेही जातात. तेथे रक्तवाहिनी नसल्यामुळे दूर जावयास त्यास वाट नसते, आणि एवढ्यात तो काढून टाकला तर रोगी बहुधा पूर्ण बरा होतो. परंतु पुढे केव्हातरी त्याची वाढ उभी होऊ लागते. शेजारच्या पेशींशी असलेले आपले बंध त्या पेशी तोडून टाकतात, दोन थरांमधील पातळ पडदा विरघळवितात आणि अंतस्त्वचेत उतरतात. तेथे रक्तवाहिन्या आहेत, लसीकावाहिन्या आहेत; म्हणजे सर्व शरीरात जाणारे रस्ते आहेत. गर्भावस्थेत या पेशींच्या पूर्वजांनी जो प्रवास केला, त्याचीच विसरलेली विद्या त्यांस पुन्हा आठवत असावी, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे.

रोग किती खोल गेला यावर रोग्याचे भवितव्य अवलंबून असते, हे अमेरिकन रोगनिदानतज्ज्ञ अलेक्झांडर ब्रेस्लॉ यांनी १९७० साली दाखवून दिले. तेव्हापासून मेलॅनोमाची खोली मिलिमीटरमध्ये मोजण्याची पद्धत जगभर रूढ आहे. १ मिलिमीटरपर्यंतचा मेलॅनोमा पातळ समजतात. ४ मिलिमीटरच्या पुढचा जाड. विद्यार्थ्यांनी आपल्या कंपासपेटीतील पट्टी हाती घेऊन पाहावे. तिच्यावरील सर्वांत लहान घर म्हणजे १ मिलिमीटर. अशा चार घरांच्या आत कित्येकांच्या आयुष्याचा निकाल लागलेला असतो.

अंतस्त्वचेतून पुढे जाण्याचे मार्ग दोन. पहिला लसीकावाहिन्यांचा. पायाला ठेच लागून ती जागा पिकली म्हणजे जांघेत अवधाण येते, हे आपल्याकडे आजीबाईंसही ठाऊक आहे. पायाची लसीका जांघेतील ग्रंथींकडे वाहते म्हणून असे होते. ज्या वाटेने ठेचेचे विष जांघेपर्यंत पोहोचते, त्याच वाटेने तळव्यावरील मेलॅनोमाच्या पेशी तेथे जाऊन राहतात. हातावरच्या असतील तर काखेत जातात. मूळ डागाकडून लसीका प्रथम ज्या ग्रंथीकडे वाहते, ती पहाऱ्याची ग्रंथी नेमकी हुडकून तपासण्याची युक्ती डोनाल्ड मॉर्टन या शल्यवैद्याने व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केली. दुसरा मार्ग रक्ताचा. त्या मार्गाने या पेशी फुप्फुस, यकृत, मेंदू व हाडे येथे जाऊन बस्तान मांडतात. रक्त सर्वत्र जाते, मग रोग ठराविक जागीच का रुजतो? स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यवैद्याने स्तनांच्या कर्करोगाचा अभ्यास करून १८८९ साली याचे जे उत्तर दिले, ते शेतकऱ्याच्या मुलास तत्काळ पटेल : बी कोठेही पडले तरी मानवणाऱ्या भूमीतच ते उगवते.

रोग दूर पसरल्यावर काहीच उपाय नाही, असे आता म्हणता येणार नाही. शरीराच्या प्रतिकारशक्तीवरील लगाम सैल करून तिला कर्करोगाशी लढावयास लावणारी औषधे २०११ सालापासून मेलॅनोमावर वापरात आली, आणि त्यामागील मूलभूत शोधांबद्दल जेम्स ॲलिसन व तासुकु होन्जो या शास्त्रज्ञांस २०१८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. विज्ञानाचा हा मोठाच विजय आहे. तथापि ही औषधे अतिशय महाग आहेत आणि सर्वांसच ती गुण देतात असे नाही. अमेरिकेतील नोंदी पाहिल्या तर मूळ जागीच असताना सापडलेल्या मेलॅनोमाचे शंभरांपैकी अठ्ठ्याण्णवांहून अधिक रुग्ण पाच वर्षांनंतर हयात असतात. दूरच्या अवयवांत गेलेल्या मेलॅनोमाच्या बाबतीत हीच संख्या शंभरी पस्तीसच्या आसपास उतरते. लवकर काढून टाकणे हाच खरा उपाय, हे सॅम्युएल कूपर या इंग्रज शल्यवैद्याने १८४० सालीच सांगून ठेवले होते. औषधे बदलली, यंत्रे बदलली, परंतु हे सूत्र बदललेले नाही.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे वळतो. मेलॅनोमाचे नाव काढले की पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ म्हणतात, "तो गोऱ्या लोकांचा रोग, आपल्या काळ्यासावळ्या कातडीस त्याचे काय भय?" या बोलण्यात अर्धे सत्य आहे, आणि अर्धे सत्य हे पुष्कळदा पूर्ण असत्यापेक्षा अधिक घात करते. भारतात हा रोग खरोखरच विरळा आहे. वर्षाकाठी लाखात एकासही तो होत नाही. आपल्या त्वचेतील रंगाची छत्री उन्हापासून आपले पुष्कळ रक्षण करते, हे सृष्टीचे उपकारच होत. परंतु जेथे ऊन पोहोचतच नाही तेथे या छत्रीचा उपयोग काय? पायाचे तळवे, हाताचे तळवे व नखांखालची जागा येथे होणारा मेलॅनोमा उन्हामुळे होत नाही, आणि त्याचे प्रमाण गोऱ्या, पिवळ्या, काळ्या अशा सर्व लोकांत जवळजवळ सारखेच आहे. तळव्यावर सतत पडणारा दाब व वारंवार होणारी इजा यांचा त्याच्याशी संबंध असावा, असा संशय संशोधकांनी व्यक्त केला आहे. म्हणून ज्यांची त्वचा सावळी, त्यांच्यात एकंदर रुग्ण थोडे असले तरी त्या थोड्यांतील फार मोठा वाटा तळव्यांचा व नखांचा असतो. म्हणजे आपल्या शरीराचा जो भाग आपण सर्वांत कमी पाहतो, नेमका तोच आपल्या बाबतीत पाहण्याजोगा आहे.

जमैका बेटातील जगद्विख्यात गायक बॉब मार्ली यांचे उदाहरण येथे देण्यासारखे आहे. ते वर्णाने गोरे नव्हते. फुटबॉलचा त्यांस मोठा नाद होता. त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याची जखम खेळताना झालेली इजा समजली गेली होती. नखाखाली मेलॅनोमा असल्याचे निदान १९७७ साली झाले. अंगठा काढून टाकण्याचा सल्ला त्यांस देण्यात आला. तो त्यांनी स्वीकारला नाही. पुढे रोग सर्व शरीरात पसरला व मेंदूपर्यंत गेला, आणि ११ मे १९८१ रोजी वयाच्या अवघ्या ३६व्या वर्षी त्यांचा अंत झाला. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत जे सुरू झाले ते तेथेच थांबले नाही.

याच्या उलट एक आशादायक उदाहरण ऑस्ट्रेलियाचे. ढगाळ इंग्लंडातून प्रखर उन्हाच्या त्या खंडात जाऊन वसलेल्या गोऱ्या लोकांत मेलॅनोमाचे प्रमाण अतोनात वाढले. तेव्हा तेथील कर्करोगविरोधी संस्थेने १९८१ साली लहान मुलांच्याही तोंडी बसेल असे एक घोषवाक्य काढले. अंगात सदरा चढवा, संरक्षक मलम चोपडा आणि डोक्यावर टोपी घाला, हा त्याचा आशय. कित्येक शाळांनी तर टोपी नसेल त्यास मैदानावर खेळू द्यावयाचे नाही असा दंडकच घातला. आज तेथील तरुण पिढीत या रोगाचे प्रमाण उतरणीस लागले आहे. या उदाहरणाचा बोध आमच्या मते टोपीत नाही. तो यात आहे की त्या समाजाने आपल्या लोकांस कोठे धोका आहे हे ओळखले आणि त्याप्रमाणे शाळेतील मुलांस शिकविले. आपण त्यांची टोपी तेवढी उचलावी व स्वस्थ बसावे, हे अनुकरण झाले. आपल्या लोकांस कोठे धोका आहे हे ओळखून आपल्या मुलांस शिकवावे, हे शिक्षण झाले. आपल्या मुलांस तळवा पाहावयास शिकविले पाहिजे.

त्याची निकड आपल्याकडे अधिक आहे, कारण आपल्या पायांस कष्ट फार. भातखाचरात अनवाणी उभा राहणारा शेतकरी, वीटभट्टीवरील मजूर, पंढरीची वाट अनवाणी चालणारा वारकरी, यांचे तळवे भेगा, घट्टे आणि कुरूपे यांनी भरलेले असतात. त्यांत एखादा काळा डाग नवा दिसला तर त्याकडे कोण लक्ष देतो? काटा मोडला असेल म्हणून बिब्बा घालतात, कुरूप असेल म्हणून ब्लेडने तासतात, औषधाची पट्टी चिकटवितात, ठेचेचे रक्त साकळले असेल म्हणून सोडून देतात. बहुतेक वेळा ते खरोखरीच कुरूप असते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्या एका वेळी ते कुरूप नसते, त्या वेळी तासण्यात व पट्टी बदलण्यात जे महिने जातात, ते रोगाच्या पदरी पडतात. घरी तासल्याने रोग बरा होत नाही, आणि निदानाची वेळ मात्र निघून जाते. दुसऱ्या बाजूने, डॉक्टरांनी तपासणीसाठी तुकडा काढला की रोग भडकतो अशी जी भीती लोकांत आहे, ती निराधार आहे. तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावाचून या रोगाचे निश्चित निदानच होत नाही.

मग पाहावयाचे ते काय? अंगावरील कोणत्याही तिळासंबंधी पाच प्रश्न विचारावे. त्याचे दोन अर्धे भाग एकमेकांसारखे आहेत काय? कडा सरळ आहे की समुद्रकिनाऱ्यासारखी वाकडीतिकडी आहे? रंग एकच आहे की काळा, तपकिरी, तांबूस, निळसर असा मिसळलेला आहे? रुंदी ६ मिलिमीटरहून अधिक आहे काय? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : तो बदलत आहे काय? तळव्यावर नवा काळा डाग, वाढत जाणारी गाठ, किंवा महिना उलटूनही न भरणारी जखम दिसली तर ती दाखवावी. काही मेलॅनोमांस काळा रंग मुळीच नसतो, ते तांबड्या जखमेसारखेच दिसतात. नखांच्या बाबतीत हे ध्यानात ठेवावे की सावळ्या माणसांच्या अनेक नखांवर बारीक काळ्या रेषा असणे पुष्कळदा स्वाभाविक असते. परंतु प्रौढ माणसाच्या एकाच नखावर नवी रेषा उमटली, ती रुंद होत चालली, किंवा तिचा काळेपणा नखाबाहेर कातडीवर उतरला, तर विलंब करू नये. ठेचेचे साकळलेले रक्त नख वाढेल तसे पुढे सरकते. रोगाची रेषा नखाच्या मुळापासून तशीच टिकून राहते.

यावर कोणी म्हणेल, "जो रोग लाखात एकास होत नाही, त्याच्याकरिता शाळेतील मुलांस कशाला भिवविता?" आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे. प्रथम हे की शाळकरी वयात हा रोग जवळजवळ होतच नाही; तेव्हा विद्यार्थ्यांनी आपल्या प्रत्येक तिळाकडे संशयाने पाहण्याचे कारण नाही. ही दृष्टी हवी ती पुढील आयुष्यासाठी आणि घरातील वडीलधाऱ्यांसाठी. दुसरे असे की तळवा पाहणारी दृष्टी एकच रोग पाहत नाही. मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना मंदावली आहे त्यांची न दुखणारी जखम, कुष्ठरोगाचा बधिर चट्टा, भेगेतून शिरलेला जंतुदोष, या सर्व गोष्टी त्याच एका दृष्टिक्षेपात सापडतात. आपल्या देशात १९५५ साली कुष्ठरोग नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि अंगावरील फिकट, बधिर चट्टा लपवू नका, दाखवा, ही शिकवण गावोगाव पोहोचली. त्वचा वाचावयास शिकविणे ही काही परदेशी कल्पना नव्हे. आपणच ती पूर्वी अंगीकारली आहे. तिसरे, या पाहण्यास एक पैसाही खर्च लागत नाही.

म्हणून आम्ही असे सुचवितो की शाळेत वर्षातून एकदा जी वैद्यकीय तपासणी होते, तीत दात, डोळे, वजन यांबरोबर बूटमोजे काढून पायही पाहिले जावेत. शरीरविज्ञानाच्या तासाला त्वचेची आकृती केवळ परीक्षेपुरती न काढता ती स्वतःच्या हातापायांवर ओळखण्यास शिकवावे. आणि प्रत्येक विद्यार्थ्याने महिन्यातून एकदा, नखे काढण्याच्या दिवशी, आपले तळवे, बोटांमधील बेचके व नखे पाहावी. मग घरातील आजीआजोबांचीही पाहावी. त्यांस वाकता येत नाही, डोळ्यांस दिसत नाही. आपले तळवे ते स्वतः कसे पाहणार? संशय आलाच तर कापू नये, जाळू नये, लपवू नये, डॉक्टरांस दाखवावे. डॉक्टरांनी काही काढलेच, तर तो तुकडा प्रयोगशाळेत तपासणीस पाठविला काय, एवढे विचारण्याचे धैर्य घरातील शिकलेल्या मुलाने दाखवावे. विद्येचा घरास उपयोग होतो तो असा.

वडिलधाऱ्यांच्या पायांवर मस्तक ठेवण्याची आपली रीत सुंदर आहे, आणि ती राहावी अशीच आमची इच्छा आहे. परंतु ज्या पायांस आपण वंदन करतो, त्यांचे तळवे आपण कधी पाहिलेले नसतात. त्या पायांनी आपल्याकरिता जे श्रम केले त्यांची नोंद तळव्यांवर असते. आणि एखाद्या वेळी तेथे उद्याच्या संकटाचीही नोंद झालेली असते, पट्टीच्या एका लहान घराहूनही पातळ अशी. ती वेळेवर वाचणे हे शिकलेल्या डोळ्यांचे काम आहे. वंदनाबरोबर हे पाहणेही आपल्या घरांत रूढ व्हावे, एवढेच आमचे मागणे आहे.